‘बनाल’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा आणि आपले ‘साधारण’

१

तौलनिक साहित्याच्या वर्गात अनुवादाचा अभ्यास घेताना मी विद्यार्थ्यांना काही वेळा एकच लहानशी कामगिरी देत असतो. हॅना आरेन्ट ह्या विदुषीच्या १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचे उपशीर्षक त्यांनी आपापल्या मातृभाषेत आणावे, एवढेच ते काम. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडण्याची व्यवस्था पाहणारा जर्मन अधिकारी आइखमन ह्याच्यावर १९६१ साली जेरुसलेम येथे खटला चालला. त्या खटल्याचा हा वृत्तान्त आहे, आणि दुष्टतेच्या ‘बनॅलिटी’चा तो वृत्तान्त आहे असे त्याचे उपशीर्षक सांगते. मराठी विद्यार्थ्यांनी एकदा ‘दुष्टतेची क्षुद्रता’ आणि ‘दुष्टतेची साधारणता’ असे दोन पर्याय पुढे ठेवले. हिंदी आणि बंगाली विद्यार्थीही ‘साधारण’ व ‘तुच्छ’ ह्या दोन शब्दांच्या आसपासच घोटाळत राहिले. पहिला पर्याय वाचून असे वाटावे की ते दुष्कृत्यच किरकोळ होते. दुसरा वाचून असे वाटावे की जगात ते नेहमीच घडत असते. आरेन्ट ह्यांना ह्यांपैकी काहीच म्हणावयाचे नव्हते, हे ग्रंथ वाचलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

मग अडचण कोठे आहे? माझ्या मते ती ‘बनाल’ ह्या विशेषणाच्या पोटात आहे. (देवनागरीत लिहिला की हा शब्द आपल्या ‘तुम्ही बनाल’मधील क्रियापदासारखा दिसतो, तो योगायोग वाचकांनी सोडून द्यावा.) इंग्रजी कोशांत त्याचा अर्थ अगदी सामान्य, वापरून गुळगुळीत झालेला, नावीन्यहीन असा दिलेला असतो, आणि आपले द्वैभाषिक कोश त्यापुढे ‘साधारण’, ‘सामान्य’, ‘क्षुल्लक’ हे शब्द मांडून मोकळे होतात. प्रस्तुत लेखात त्या शब्दाची कुळकथा सांगून मला एवढेच दाखवावयाचे आहे की, ‘बनाल’ आणि ‘साधारण’ हे दोन्ही शब्द ‘सर्वांचे’ ह्या एकाच अर्थस्थानी उभे असले तरी ते तेथे दोन निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत. एका शब्दात वस्तू सर्वांची होते ती हुकमाने. दुसऱ्यात ती सर्वांची होते ती वाटून घेतल्याने. हा भेद जर विसरला, तर केवळ अनुवाद चुकतो असे नव्हे. सामान्य माणसाच्या सामान्य आयुष्याविषयी लिहिलेल्या साहित्याचा न्यायही चुकतो.

२

इंग्रजीत सामान्य गोष्टींना नावे ठेवणारे शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची जन्मकथा वेगळी आहे. ‘ट्रिव्हिअल’ हा शब्द लॅटिनमधील तीन रस्त्यांच्या तिठ्याशी जोडलेला आहे. ‘मंडेन’ म्हणजे ह्या जगातले, ऐहिक. ‘क्वोटिडिअन’ म्हणजे रोजचे. मध्ययुगीन इंग्रजीत तो दररोज उलटणाऱ्या तापासाठी वापरला जात असे. ‘पेडेस्ट्रिअन’ म्हणजे पायी चालणारे, घोड्यावर नसलेले. ‘ऑर्डिनरी’ रांगेतल्या क्रमावरून आलेला आहे. स्थळ, काळ, चालण्याची रीत, रांगेतील जागा अशा गोष्टींवरून हे शब्द घडलेले आहेत. ‘बनाल’ मात्र घडला तो सत्तेच्या घोषणेवरून.

त्याचे मूळ ‘बान’ हा जर्मानिक शब्द होय. त्याचा अर्थ जाहीर हुकूम, दवंडी, आणि तो हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार. मध्ययुगीन लॅटिनने तो ‘बन्नुम’ ह्या रूपाने आपलासा केला. फ्रँक राजांच्या कायद्यात राजाचा ‘बान’ मोडणाऱ्यास साठ सॉलिडस दंड असे. पुढे मध्यवर्ती राजसत्ता दुबळी झाली आणि हुकूम देण्याचा हा अधिकार गढ्या बांधून बसलेल्या स्थानिक सरंजामदारांच्या हाती गेला. जॉर्ज ड्यूबी ह्या इतिहासकाराने माकॉन परिसराच्या १९५३ च्या आपल्या अभ्यासात हा फेरबदल तपशिलाने दाखविला आहे. जमिनीच्या मालकीवर आधारलेली सत्ता वेगळी आणि हुकमाच्या अधिकारावर आधारलेली सत्ता वेगळी, असे त्याचे विवेचन आहे. ह्या दुसऱ्या सत्तेला फ्रेंच इतिहासलेखनात ‘बनाल’ हेच विशेषण लावले जाते.

ह्या अधिकारातून निघालेली कुळावरची बंधने म्हणजे ‘बनालिते’. सरंजामदाराच्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक कुळाने आपले धान्य त्याच्याच पाणचक्कीवर दळावयाचे, भाकरीचे पीठ त्याच्याच भट्टीत भाजावयाचे, द्राक्षे त्याच्याच घाण्यात पिळावयाची, आणि प्रत्येक वेळी त्यातील ठराविक हिस्सा तेथेच ठेवून यावयाचे. ह्या चक्कीस ‘मूलँ बनाल’ आणि भट्टीस ‘फूर बनाल’ असे म्हणत. काही ठिकाणी वर्षातील ठराविक दिवस आधी सरंजामदाराचा मद्यसाठा विकला जाई आणि मगच इतरांना आपला विकण्याची मोकळीक मिळे. फ्रेंचांनी हीच रीत अटलांटिकपलीकडे कॅनडातील आपल्या वसाहतीतही नेली. तेथे चक्कीवरचा हिस्सा चौदावा असे. ती सरंजामी व्यवस्था १८५४ साली कायद्याने संपली.

खुद्द फ्रान्समध्ये ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रसभेने सरंजामी हक्कांवर घाव घातला. मार्च १७९० च्या कायद्याने बहुतेक बनालिते भरपाईशिवाय रद्द झाली आणि १७९३ च्या जुलैमध्ये उरलेलेही सरंजामी हक्क गेले. हक्क गेले, तरी भट्ट्या उभ्याच होत्या. कित्येक गावांत त्या गावकीच्या झाल्या. काही फ्रेंच खेड्यांत आजही वर्षातून एखाद्या दिवशी जुनी भट्टी पेटवून गावजत्रा भरते, आणि तिला अजूनही ‘फूर बनाल’च म्हणतात. एकेकाळी जे नाव सक्तीचे होते तेच नाव आता सामाईकपणाचे झाले आहे.

३

हुकमाचा शब्द ‘सामान्य’ ह्या अर्थाला कसा पोहोचला, ह्याच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. प्रथम ‘बनाल’ म्हणजे सरंजामदाराच्या हुकमाखालचे. हुकूम हद्दीतील सर्वांना लागू, म्हणून पुढे ‘बनाल’ म्हणजे हद्दीतील सर्वांच्या वापरातले. त्यानंतर हद्द आणि हुकूम दोन्ही मागे पडून उरले ते केवळ ‘सर्वांच्या वापरातले’. आणि शेवटची पायरी म्हणजे जे कोणीही वापरते, ज्यावर कोणाची खूण नाही, म्हणून ज्याला किंमत नाही ते. फ्रेंच व्याकरणाने ह्या प्रवासाची एक खूण जपून ठेवली आहे. सरंजामी अर्थाने पुल्लिंगी अनेकवचन करावयाचे असेल तर ते ‘बनो’ असे होते; गुळगुळीत झालेल्या शब्दांविषयी किंवा विचारांविषयी बोलावयाचे असेल तर ते ‘बनाल’ असेच राहते. शब्द एकच, परंतु त्याचे दोन अर्थ इतके दूर गेले की त्यांची अनेकवचनेसुद्धा वेगळी झाली.

तुच्छतेची ही शेवटची पायरी फ्रेंचमध्ये अठराव्या शतकात दिसू लागते. इंग्रजीने अठराव्या शतकाच्या मध्यास हा शब्द घेतला तो प्रथम सरंजामी कायद्याची संज्ञा म्हणून. ‘गुळगुळीत’ हा अर्थ तेथे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला. ह्या काळाकडे साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावयास हवे. एडवर्ड यंग ह्याचा मौलिक रचनेविषयीचा प्रसिद्ध निबंध १७५९ चा आहे. कवीने पूर्वसूरींचे अनुकरण न करता स्वतःच्या अंतरातून निर्माण करावे हा विचार तेथून पुढे बळावत गेला आणि स्वच्छंदतावादाने त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. मौलिकता हे मूल्य ठरताच तिच्या उलट बाजूला नाव लागते. सर्वांच्या भट्टीत भाजलेली भाकरी हे ते नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्लोबेर लोकांच्या तोंडच्या ठरीव मतांचा कोश रचीत होता (तो १९१३ साली त्याच्या मृत्यूनंतर स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला). तेव्हा ‘बनाल’ हा शब्द वाङ्‌मयीन अभिरुचीचा दंडक होऊन बसला होता.

ह्या अर्थांतरात एक अन्याय दडलेला आहे, आणि माझ्या मते तोच ह्या शब्दाचा खरा इतिहास आहे. त्या भट्टीकडे कुळे आपखुशीने जात नव्हती. मार्क ब्लॉक ह्या इतिहासकाराने पाणचक्कीच्या प्रसारावर १९३५ साली लिहिलेल्या निबंधात दाखविले आहे की, खेडूत घरच्या हातजात्याला चिकटून राहू पाहत होते आणि सरंजामदार ती जाती काढून घेत होते. इंग्लंडमध्ये हा हक्क दुसऱ्या नावाने नांदत होता, पण त्याचे स्वरूप तेच होते. सेंट ऑल्बन्स येथील मठाची हकीगत तेथील बखरींत नमूद आहे. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड ह्याने नगरवासीयांची हातजाती जप्त केली आणि त्या दगडांची फरसबंदी मठातील एका दालनात करविली. १३८१ च्या शेतकरी-उठावात लोक त्या दालनात शिरले, त्यांनी फरशी उखडली आणि जात्यांचे तुकडे प्रसादासारखे आपापसांत वाटून घेतले.

ह्या लोकांच्या तोंडी ‘बनाल’ शब्द असता तर त्याचा अर्थ ‘लादलेले’ असा झाला असता. परंतु शब्दाचा पुढचा अर्थ त्यांनी ठरविला नाही. तो ठरविला अभिरुचीच्या मक्तेदारांनी. परिणाम असा झाला की, हुकूम देणारा शब्दाच्या अर्थातून नाहीसा झाला आणि हुकूम पाळावा लागलेल्यांचा सामान्यपणा तेवढा दोष म्हणून शिल्लक राहिला. सी. एस. लुइस ह्याने १९६० च्या आपल्या शब्दविषयक ग्रंथात अशा शब्दांचा एक वर्गच दाखविला आहे. दर्जा सांगणारा शब्द हळूहळू शील सांगू लागतो. इंग्रजीतील ‘व्हिलन’ हा मुळात जमिनीशी जखडलेला शेतकरी, तो पुढे खलपुरुष झाला. आपल्याकडे ‘ग्राम्य’ ह्या शब्दाचे असेच झाले. गावात राहणारा एवढाच ज्याचा अर्थ, तो शब्द संस्कृत काव्यशास्त्रात ‘ग्राम्यत्व’ ह्या काव्यदोषाचे नाव झाला. तेव्हा हा रोग केवळ युरोपचा आहे असे समजण्याचे कारण नाही.

४

‘बान’ ह्या मूळ शब्दाचे गोत मोठे आहे. इंग्रजीतील बंदी घालणे ह्या अर्थाचा ‘बॅन’ आणि हद्दपार करणे ह्या अर्थाचा ‘बॅनिश’ हे तर उघडच त्याचे वंशज. विवाहापूर्वी चर्चमध्ये वधूवरांची नावे पुकारतात ते ‘बॅन्स’. जाहीर हुकमाविरुद्ध आणलेला माल ‘कॉन्ट्राबँड’. दवंडी पिटून समाजाबाहेर काढलेला तो ‘बँडिट’. शहराच्या हुकमाखाली येणारा सभोवारचा टापू फ्रेंचमध्ये ‘बाँल्यू’. आज त्याचा अर्थ उपनगर असा आहे. येथे एक सावधगिरीची सूचना करणे अवश्य आहे. मराठीतील ‘बंदी’ हा शब्द ह्या कुळातील नव्हे. त्याचे नाते बांधणे ह्या अर्थाच्या धातूशी आहे. ध्वनी आणि अर्थ जुळले म्हणून गोत्र जुळत नाही.

खरे नाते वेगळ्याच ठिकाणी आहे. जर्मानिक ‘बान’च्या मुळाशी बोलणे ह्या अर्थाचा इंडो-युरोपीय धातू आहे असे व्युत्पत्तिशास्त्रज्ञ मानतात. लॅटिनमधील बोलणे ह्या अर्थाचा ‘फारी’ आणि त्यापासून झालेले कथा, कीर्ती, दैव ह्या अर्थांचे शब्द त्याच धातूचे. संस्कृतमधील ‘भन्’ व ‘भण्’ हे धातूही त्याच परिवारात ठेवले जातात. प्राकृतात त्याचे ‘भणइ’ झाले आणि मराठीत ‘म्हणणे’. म्हणजे आपण दिवसातून शंभर वेळा उच्चारतो ते ‘म्हणणे’ आणि सरंजामदाराच्या भट्टीचे ‘बनाल’ हे दूरचे भाऊबंद आहेत.

एकाच बोलण्याच्या धातूचे दोन प्रदेशांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. युरोपात ‘बोलणे’ हे धन्याचे बोलणे झाले. तो बोलला की हुकूम, आणि हुकमाखाली आलेले ते ‘बनाल’. भारतीय भाषांत तोच धातू कवीच्या नाममुद्रेत जाऊन बसला. विद्यापतीच्या पदांच्या अखेरीस ‘भनइ’ येते. बंगाली साहित्यात कवीच्या नामांकित ओळीला ‘भणिता’ असेच नाव आहे. गुजरातीत नरसी मेहत्याच्या पदांत ‘भणे’ येते, आणि ‘भणवुं’ म्हणजे शिकणे. मराठीत ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ह्या मुद्रा सर्वांच्या कानांत आहेत. ह्या मुद्रेने अभंग कवीचा ठरतो आणि त्याच क्षणी तो गाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडचा होतो; वारीत चालणारा वारकरी ‘तुका म्हणे’ असे म्हणतो तेव्हा म्हणणारा तो स्वतःच असतो.

आणि मराठीत ह्याच क्रियापदापासून आणखी एक नाम झाले आहे: ‘म्हण’. म्हणीला कर्ता नाही, मालक नाही. ती सर्वांच्या वापरातली, शेकडो वर्षे झिजलेली असते. ‘बनाल’ ह्या शब्दाचा आजचा अर्थ लावावयाचा तर म्हणीइतकी बनाल गोष्ट दुसरी नाही. परंतु कोणीही मराठी माणूस म्हण ऐकून तिला गुळगुळीत म्हणून झिडकारीत नाही. ती योग्य वेळी योग्य तोंडून आली की तिच्या जुनेपणामुळेच पटते. कारण तिची सक्ती कोणी केलेली नसते.

५

आता ‘साधारण’ ह्या शब्दाकडे वळू. ज्यांचा आधार समान आहे असे, म्हणून अनेकांचे, सामाईक, असा त्याचा मूळ अर्थ. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एका सूक्तात उगवत्या सूर्याला सर्व मनुष्यांचा ‘साधारण’ असे म्हटले आहे. तेथे ह्या विशेषणात किंचितही उणेपणा नाही. सूर्याची थोरवी तो सर्वांचा आहे ह्यातच आहे. धर्मशास्त्रात ‘साधारण’ द्रव्य म्हणजे भावाभावांत न विभागलेले सामाईक धन. त्याचा सोबती ‘सामान्य’ हा तर वैशेषिक दर्शनात एक पदार्थ आहे. अनेक गायींना गाय म्हणता येते ते ज्या धर्मामुळे, त्याचे ते नाव.

काव्यशास्त्रात ह्या शब्दाने याहूनही उंच जागा मिळविली. काश्मीरचा आचार्य भट्टनायक ह्याचा ‘हृदयदर्पण’ हा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत आपणास मुख्यतः अभिनवगुप्ताच्या टीकांतून कळते. रंगभूमीवरचा राम हा विशिष्ट काळातला, विशिष्ट सीतेचा पती असतो; त्याच्या शोकाचा प्रेक्षकाने आस्वाद घ्यावा कसा? भट्टनायकाचे उत्तर असे की, काव्याच्या अंगी असलेल्या एका व्यापाराने त्या भावाचे ‘साधारणीकरण’ होते. तो शोक रामाचा राहत नाही, माझाही होत नाही. तो कोणा एकाचा न राहता सर्वांचा होतो, आणि म्हणूनच त्याचा आस्वाद शक्य होतो. युरोपीय समीक्षेत जी गोष्ट सर्वांची झाली की कला संपली असे मानण्याकडे कल झाला, तीच गोष्ट सर्वांची झाल्याशिवाय कला सुरूच होत नाही असे येथे म्हटले आहे.

परंतु ह्यावरून भारतीय परंपरेला अनायासे विजयी ठरवून मोकळे होणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ह्याच शास्त्रपरंपरेत गणिकेला ‘साधारण स्त्री’ म्हटले आहे. तेथे ‘सर्वांची’ ह्या अर्थाने तिचा मान वाढलेला नाही. शिवाय ‘सर्वांचे’ ह्या शब्दातील ‘सर्व’ कोण, हा प्रश्न उरतोच. सूर्य सर्वांचा होता, पाणी नव्हते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत केला, महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून आपलाही ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्याले तेव्हा त्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि त्या तळ्याचा दावा उच्च न्यायालयात निकालात निघावयास १९३७ साल उजाडले.

फ्रान्समधील कुळाला सामाईक भट्टीकडे जाण्याची सक्ती होती. येथील अस्पृश्याला सामाईक तळ्याकडे जाण्यास मज्जाव होता. एका ‘बान’ची ही दोन तोंडे आहेत, कारण हुकूम देण्याचा आणि बाहेर काढण्याचा अधिकार त्या शब्दात प्रथमपासूनच एकत्र आहे. डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या एप्रिलमध्ये सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते, हे येथे आठवावे.

६

ह्या विवेचनाचा साहित्याच्या मूल्यमापनाशी संबंध काय? मला तो जवळचा वाटतो. सेंट ऑल्बन्सच्या मठात जात्यांची फरशी झाली. महाराष्ट्रात जाते घरात राहिले आणि पहाटेच्या दळणाबरोबर ओवी राहिली. दळण हे कष्टाचे आणि बाईवर घरानेच लादलेले काम होते, हे विसरता कामा नये. तरीही त्या कामात म्हटलेले शब्द कोणाच्या हुकमाचे नव्हते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्यांत भाऊ, माहेर, लेक, पाऊस, पंढरी हे विषय पुनःपुन्हा येतात. अनेक प्रतिमा एका गावाहून दुसऱ्या गावी जशाच्या तशा जातात. मौलिकतेच्या दंडकाने मोजले तर ह्या सर्व ओव्या ‘बनाल’ ठरतील. भट्टनायकाच्या दृष्टीने पाहिले तर एका बाईचे दुःख येथे अक्षरशः साधारण झाले आहे. दुसरी बाई त्यात आपले नाव घालून ते पुढे चालविते.

दलित आत्मकथनांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे येतो. दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकाचा शब्द गावकामगाराला मिळणाऱ्या धान्याच्या वाट्याचा; त्या वाट्यामागे ठरवून दिलेली आणि नाकारता न येणारी कामे उभी असत. ह्या प्रकारच्या लेखनातील अनुभव परस्परांसारखे आहेत, तेच तपशील पुनःपुन्हा येतात, असा आक्षेप चर्चांतून कानी येतो. आक्षेप घेणाऱ्याने एवढा विचार करावा की, हे आयुष्य एकमेकांसारखे झाले ते लेखकांच्या कल्पनादारिद्र्यामुळे की ते एकाच हुकमाखाली घडविले गेल्यामुळे? सक्तीतून आलेल्या सारखेपणाला अभिरुचीचा दोष ठरविणे म्हणजे ‘बनाल’ शब्दाच्या इतिहासातील जुनीच चूक पुन्हा करणे होय.

राहिला अनुवादाचा प्रश्न. ‘बनाल’साठी मराठीत एकच नेमका शब्द सापडेल असे मला वाटत नाही, परंतु जवळचे शब्द आहेत. विचार ठरलेल्या वाटेनेच जातो आहे असे सुचवावयाचे असेल तेथे ‘चाकोरीतले’ किंवा ‘सरधोपट’ हे शब्द उपयोगी पडतील. गाड्यांच्या चाकांनी पडलेली चाकोरी आणि डावे-उजवे न पाहता चाललेली वाट ह्या दोन्ही प्रतिमा अस्सल आहेत. आणि मूळ शब्दातील सक्तीचा पदर जागा करावयाचा असेल तेथे ‘वेठ’ ह्या शब्दाचा विचार व्हावा अशी माझी सूचना आहे. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द; कौटिलीय अर्थशास्त्रात ती संज्ञा आहे, आणि भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने ज्या प्रथेला मनाई केली ती हीच वेठबिगार. मराठीत ‘वेठ वारणे’ असा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ मन न घालता, लादलेले काम कसेबसे उरकणे. एकाच शब्दात हुकूम आणि निर्जीवपणा दोन्ही जिवंत आहेत, आणि विशेष हे की दोष कामकऱ्याच्या पदरी बांधताना तो लादणाऱ्याला विसरत नाही. नकली समारंभी कवितेला ‘साधारण’ म्हणण्यापेक्षा ‘वेठीची कविता’ म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

आरेन्ट ह्यांच्या उपशीर्षकासाठी मी ‘दुष्टतेचा सरधोपटपणा’ हा पर्याय विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, तोही तात्पुरताच. त्यांनी पाहिलेला आरोपी राक्षस नव्हता. तो सरकारी भाषेतील ठरीव वाक्यांशिवाय बोलू शकत नव्हता, कार्यालयीन भाषा हीच आपली भाषा आहे असे त्याने स्वतःच सांगितले होते. स्वतःचे असे काही ‘म्हणणे’च त्याच्यापाशी उरलेले नव्हते, जे होते ते वरून आलेले. आपण हुकूम पाळले, हा त्याचा बचाव होता. आरेन्ट ह्यांनी शब्दाची व्युत्पत्ती मनात धरून तो योजिला असा दावा मी करीत नाही. परंतु ज्या शब्दाच्या पोटात हुकूम आहे तोच शब्द तेथे यावा, हे अनुवादकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. तेथे ‘साधारण’ लिहिले तर अपराध्याचा दोष साधारण माणसांच्या माथी जातो.

म्हणून वर्गाच्या अखेरीस मी विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की, एखाद्या गोष्टीला सामान्य म्हणण्यापूर्वी ती सामान्य कोणी केली ते विचारा. ती सर्वांनी मिळून केली असेल तर ‘साधारण’ हा गौरवाचा शब्द आहे, आणि तो आपण कोशांतील घसरगुंडीतून परत वर आणावयास हवा. ती कोणी लादली असेल, तर लादणाऱ्याचे नाव अनुवादातून गळू देऊ नये.